शाप्सुग बोलीतला चौथा ‘प’

कॉकेशसमधल्या पश्चिम चर्केसी, म्हणजेच अदिघे भाषेच्या शाप्सुग बोलीत ओठांनी फुटणारे वर्ण चार: ब, जरा दाबून काढलेला प, हवा सोडणारा फ आणि कंठ मिटून फोडलेला प’. तेमिरगोय बोलीवर बेतलेल्या प्रमाण अदिघेत प-फ हा भेद उरला नाही. शाप्सुग आणि ब्झेदुग बोलींत तो टिकला. नाशिकच्या शिकणाऱ्याने म्हणून शाप्सुगच धरावी. चारांतले तीन आपल्या तोंडात आहेतच.

फ मात्र तपासून घ्या. ‘फॅन’मधला नको, ओठ पूर्ण मिटून काढलेला ‘फणस’मधला हवा. हल्ली फणसातही ‘फॅन’ शिरलाय, तिथेच निम्मे अडतात.

आता चौथा. सुरुवात प’ने नको, क’ने करा. क म्हणताना जिभेमागे जागा थोडी असते, हवा लवकर दाबली जाते. भरलेला हंडा उचलताना श्वास जसा घशात अडतो, तसा अडवा. तो न सोडता क फोडा, बारीक ‘टक्’ येईल. मग कंठ उघडून स्वर म्हणा. कंठमण्यावर बोट ठेवा, तो किंचित वर सरकला पाहिजे. खात्री करायची तर आधी सगळा श्वास बाहेर टाका आणि मग क’ म्हणा. तरीही आवाज निघाला, तर जमलं. क’ बसला की त’, शेवटी प’. एका वेळी पाच मिनिटं पुरे. खोकला आला तर तुम्ही घशाने जोर लावताय.

ओठांसमोर पाच सेंटिमीटरवर कागदाची पट्टी धरा. फ म्हणताना ती उडते, प’ म्हणताना जेमतेम थरथरते. हळहळताना काढतो तो ‘च्च्’ मात्र इथे चालत नाही, त्यात हवा आत ओढली जाते.

सरावाला आकडे घ्या: दोन ‘त्’उ’, चार ‘प्ल्’अ’, दहा ‘प्श्’अ’. चारमधला ल् घोगरा, जिभेच्या कडेने घासत जाणारा. मराठी जीभ जोडाक्षरात गुपचूप ‘अ’ घालते आणि पाण्याचा ‘प्सअ’ ‘पसा’ होऊन बसतो.

ऐकायला ध्वनिमुद्रण निवडताना बोलणारा कुठला ते आधी बघा. शाप्सुगांचा मूळ मुलूख काळ्या समुद्राकाठी, त्वाप्से-सोचीच्या पट्ट्यात. १८६४ मध्ये रशियाशी युद्ध हरल्यावर बहुतेकांना उस्मानी साम्राज्यात जावं लागलं. आज इस्राएलातलं कफर कामा हे गाव शाप्सुगांचं, पण तिथलंच रेहानिया हे गाव अबझाख या दुसऱ्या चर्केसी गटाचं. दोन्हीकडचे नमुने मिसळलेत तर कान बिघडतो.

स्वतःचा आवाज डब्ल्यूएव्ही स्वरूपात घ्या, फोन वीस सेंटिमीटरवर, तोंडाच्या जरा बाजूला. घर नाशिकच्या द्वारका चौकासारख्या गजबजाटाजवळ असेल तर रात्री उशिरा, पंखा बंद करून. ‘प्रात’ या मोफत सॉफ्टवेअरात लाट उघडा: फमध्ये स्फोट आणि स्वर यांच्यामध्ये खरखर दिसते, प’मध्ये तिथे शांतता.