हादरा बसला की काळोख: विलिस जीपच्या हेडलाइटने शिकवलेलं काम

गाड्यांच्या वायरिंगच्या कामाला नव्याने लागलेल्या पोरांना मी आधी सुभेदारकाकांच्या जीपबद्दल सांगतो. दिवा मधेच जातो आणि मधेच येतो, ही आपल्या धंद्यातली सगळ्यात दमवणारी तक्रार कशी धरायची, ते मला त्या गाडीवर उमगलं.

गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची विलिस एमबी. सैन्याच्या लिलावातून निघून, दोन-तीन हात फिरून हर्णैला आलेली. काकांनी तिला हौसेने हिरवा रंग मारून घेतला आणि त्यानंतर रात्री दापोलीहून खाली उतरताना हेडलाइट दगा द्यायला लागले. माझ्याकडे येण्याआधी बॅटरी बदलून झाली होती, लाइटचा स्विचही बदलून झाला होता.

"बाळा, गॅरेजात उभी केली की दोन्ही दिवे लख्ख. खड्ड्यात चाक गेलं की काळोख."

काकांच्या या बोलण्यातच अर्धा फॉल्ट सापडतो. म्हणून गिऱ्हाईक बोलत असताना पान्याला हात लावू नका, विचारत राहा. एक दिवा जातो की दोन्ही? हादऱ्याला जातो की आपसूक? अप्परला, डिपरला की दोन्हीला?

विलिसच्या लाइट स्विचमध्ये थर्मल ब्रेकर असतो. शॉर्टमुळे करंट वाढला की आतली पट्टी तापून वाकते, दिवे बंद होतात. थंड झाली की पुन्हा जोडली जाते. म्हणजे रस्ता सपाट असताना दिवे ठरावीक वेळाने जात-येत असतील तर लूज कनेक्शनच्या मागे लागू नका, शॉर्ट शोधा. ब्रेकर काढून थेट वायर मारणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका, अख्खं वायरिंग जळतं. फक्त अप्पर किंवा फक्त डिपर जात असेल तर पायाने दाबायचा डिपर स्विच बघा. तो खाली फ्लोअरवर असतो, पावसाचं पाणी आणि पुळणीची वाळू थेट त्याच्यावर. आणि ही लष्करी गाडी आहे हे विसरू नका: स्विच पहिल्या टप्प्यापर्यंत ओढला तर फक्त ब्लॅकआउटचे, म्हणजे शत्रूला दिसू नयेत असे मिणमिणते दिवे लागतात. लॉकचं बटण दाबून पुढे ओढल्याशिवाय हेडलाइट लागतच नाहीत.

काकांच्या गाडीत दोन्ही दिवे एकदम जात होते आणि तेही फक्त हादऱ्याला. म्हणजे दोघांच्या सामाईक वाटेवरच काहीतरी सुटत होतं. मी होल्डर काढून मीटर लावला तर ६.२ व्होल्ट, अगदी बरोबर. इथेच नवा माणूस फसतो. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी करंट वाहत नसताना मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो. मोजायचं ते दिवा जळत असताना.

गाडी ६ व्होल्टची आणि या जीपला बसवलेले दिवे ४५ वॉटचे. एक दिवा साडेसात अँपिअर घेतो, दोन मिळून १५. वाटेत ०.१ ओहम अडथळा आला की दीड व्होल्ट तिथेच खलास, म्हणजे सहातला चौथा हिस्सा. आणि उजेड तर निम्म्याहूनही खाली येतो. तेवढ्याच वॉटचे दिवे १२ व्होल्टच्या गाडीत असते तर पाऊण व्होल्ट गेला असता, बाराचा सोळावा हिस्सा. जुन्या जीपा एवढ्या नाजूक का, ते यावरून कळेल.

होल्डर परत बसवले, दिवे लावले. मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल तार दिव्याच्या अर्थला, म्हणजे जिथून करंट बॅटरीकडे परत जातो त्या टोकाला. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं, दिसले १.४ व्होल्ट. शिकाऊ पोराला बंपरवर उभं करून दोन उड्या मारायला लावल्या आणि दिवे गेले, तेव्हाच काटा एकदम वर. मग लाल तार एकेका जोडावर टेकवत बॅटरीकडे सरकलो. पुढच्या पत्र्याकडून चासीला (गाडीच्या सांगाड्याला) येणारी अर्थची वायर जिथे बोल्टने कसली होती, तिथे येऊन आकडा पडला. बोल्टला बोट लावलं तर कोमट. खोलला: थिंबलखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) रंगाचा चकचकीत थर आणि कडेने हिरवा काट. रंगवणाऱ्याने चासी पत्र्यापर्यंत न घासताच वर वायर कसली होती, आणि उरलेलं काम हर्णैच्या खाऱ्या वाऱ्याने केलं.

जागा पॉलिश पेपरने घासून पांढरा पत्रा दिसेपर्यंत उघडी केली, नवीन वायर, नवीन थिंबल, दातेरी वॉशर, कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी नाही, कसल्यावर. मीटरवर ०.१ व्होल्ट आलं. शिवाय दोन्ही दिव्यांपासून चासीला वेगळी अर्थ वायर ओढली. समुद्राजवळच्या गाडीला ती मी आता न विचारता ओढतो, गिऱ्हाईकाकडून फक्त वायरीचे पैसे घेतो.

जुन्या वायरीचा वीतभर तुकडा माझ्या फळीवर आहे. नवा पोरगा आला की त्याच्या हातात देतो आणि आवरण सोलायला सांगतो. बाहेरून धडधाकट वायर. आत तांबं टोकापासून चार बोटं काळं पडलेलं, बोटाला पूड लागते.