पार्ट छापण्याआधी डिफॉल्ट बघा: नोटेशनच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

तुम्हाला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरचं स्वरलेखन वाचता येतं, म्यूझस्कोअर या नोटेशनच्या प्रोग्राममध्ये नोटा भराभर भरता येतात, आणि आता कुणा अरेंजरने "स्ट्रिंग्जचे पार्ट काढून दे रे" म्हणून फाइल पाठवली आहे. स्कोअर म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र लिखाण, पार्ट म्हणजे त्यातलं एकेका वाद्याचं वेगळं काढलेलं. इथपर्यंत आला असाल तर पुढचं वाचा. नोटा कशा भरायच्या ते मी सांगत बसणार नाही, बहुतेक तुमचा हात माझ्यापेक्षा जलद असेल. मला बोलायचंय ते सॉफ्टवेअरने तुम्हाला न विचारता आधीच ठरवून टाकलेल्या गोष्टींबद्दल, म्हणजे डिफॉल्टबद्दल.

आधी एक कबूल करू. डिफॉल्ट पूर्वीइतके वाईट राहिलेले नाहीत. २०२१ च्या सुरुवातीला म्यूझस्कोअर ३.६ आलं, त्यात लेलँड नावाचा नवा फॉन्ट आला. स्टॅनफर्डमध्ये ज्या लेलँड स्मिथ यांनी स्कोअर हा जुना प्रोग्राम लिहिला, त्यांचंच नाव त्याला दिलंय. तेव्हापासून काही न करता छापलेलं पानही बऱ्यापैकी नीट दिसतं. घोळ तिथेच होतो. पान नीट दिसतं, म्हणून आपण पुढे काही बघतच नाही.

ते डिफॉल्ट स्क्रीनसमोर बसलेल्या एका माणसाला धरून ठरवलेले वाटतात. आपला वाचणारा वेगळा असतो. एका स्टँडवर दोन व्हायोलिनवाले, स्टुडिओतला अंधुक दिवा, साठी ओलांडलेले डोळे, आणि हातात पहिल्यांदाच आलेलं पान. मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या मंडळींच्या काळापासून पार्ट हाताने लिहिले जायचे. आजही जुने वादक त्या ठसठशीत हस्ताक्षराची आठवण काढतात, आणि त्यांचं चूक नाही.

स्टाफची उंची बघा. म्यूझस्कोअरमध्ये दोन रेषांमधलं अंतर १.७५ मिमी धरलेलं असतं. अशी चार अंतरं, म्हणजे पूर्ण स्टाफ ७ मिमी. पियानोवर एकट्याने वाचायला ठीक. दोघांत एक स्टँड असेल तर मी २ मिमी ठेवतो, म्हणजे स्टाफ ८ मिमी होतो. फरक एका मिलिमीटरचा, पण हिशेब करून बघा. ए-फोरवर दोन्हीकडे १५ मिमी समास सोडला तर ओळ १८० मिमीची. पहिल्या मापाने तिच्यात जवळपास १०३ अंतरं बसतात, दुसऱ्याने ९०. ओळी आडव्या आखडतात तशाच उभ्याही कमी होतात, आणि तीन पानांचा पार्ट चारावर जातो. स्टँडवर तीन पानं शेजारी-शेजारी मांडता येतात. चौथं आलं की कुणीतरी गज खाली ठेवून पान उलटणार. तेव्हा माप वाढवलं की पान कुठे तुटतंय ते लगेच बघा, आणि पानाच्या शेवटी दोन-चार बार (उभ्या रेषांमधले तालाचे खण) रेस्ट, म्हणजे विश्रांती येईल असं बसवा.

बार नंबरही तसाच. डिफॉल्टला तो फक्त ओळीच्या सुरुवातीला येतो. सेशनमध्ये कंडक्टर "बेचाळीसपासून" म्हणतो आणि वीस जण बोटाने बार मोजत बसतात. स्टाईलमध्ये मेझर नंबर्सखाली इंटरव्हल १ करा, प्रत्येक बारला नंबर येतो. यावर वाद घालणारे भेटतील, पान गिचमिड दिसतं म्हणतील. त्यांना सेशनला घेऊन जा.

आता मुख्य सापळा. हा सावकाश वाचा, कारण मी इथेच आपटलो.

स्कोअरची स्टाईल, म्हणजे मापं-फॉन्ट वगैरे सेटिंग्जचा संच, वेगळी असते आणि प्रत्येक पार्टची वेगळी. स्कोअर उघडून फॉरमॅट, मग स्टाईल, सगळं मनासारखं केलंत, स्कोअर देखणा झाला. पण पार्ट आधीच काढून ठेवलेले असतील तर त्यांच्यापर्यंत यातलं काही पोचत नाही. मग तुम्ही पहिल्या व्हायोलिनचा पार्ट उघडता, माप २ मिमी करता, पान तपासता, समाधान होतं, आणि सगळ्या पार्टची एकदम पीडीएफ काढता. बाकीचे सगळे अजून १.७५ वरच! पार्टच्या स्टाईलच्या खिडकीत खाली 'अप्लाय टू ऑल पार्ट्स' असं बटण असतं, पेज सेटिंग्जमध्येही असतं. ते दाबल्याशिवाय बदल त्या एकाच पार्टपुरता राहतो. माझ्या वेळी चेलोवाल्या काकांनी पान डोळ्यांजवळ नेलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, चष्म्याचे पैसे तू देणार काय?"

म्हणून प्रत्येक फाइलमध्ये हे पुन्हा करू नका. एका स्कोअरमध्ये सगळं बसवा, सेव्ह स्टाईलने त्याची फाइल करा. मग पार्ट उघडून त्याचीही वेगळी फाइल करा. प्रेफरन्सेसमध्ये स्कोअर विभागात दोन ओळी आहेत, 'स्टाईल' आणि 'स्टाईल फॉर पार्ट'. बहुतेक जण पहिली भरतात आणि उठतात. दुसरी भरा. इतकं करूनही दोन ठिकाणी फसाल. जुन्या फाइलवर याचा काही परिणाम होत नाही, तिथे लोड स्टाईल करावंच लागतं. आणि टेम्प्लेटवरून, म्हणजे तयार साच्यावरून सुरू केलेला स्कोअर टेम्प्लेटची स्टाईल घेऊन येतो, तुमची नाही. म्हणून टेम्प्लेट उघडून त्याच्यातच दुरुस्ती करा. डोरिको या दुसऱ्या नोटेशन प्रोग्राममध्ये स्कोअरचे आणि पार्टचे लेआउट ऑप्शन्स असेच वेगळे ठेवावे लागतात, सिबेलियस या तिसऱ्यात पार्टच्या रूपाची खिडकी निराळी. प्रोग्राम बदलला म्हणून सुटका नाही.

हे वाचून धास्ती घेऊ नका. एकदा नीट बसवलं की महिनोन्महिने हात लावावा लागत नाही.

सगळ्यात वाईट सवय मात्र माउसने ओढण्याची. डायनॅमिक्सची (हळू-जोरात वाजवायची) खूण नोटेला भिडतेय, ओढलं खाली. दहा ठिकाणी भिडतंय, दहा वेळा ओढलं. मग माप बदललं, बार दुसऱ्या ओळीत गेले आणि ते दहाही भलतीकडे. एक ओढण्याआधी थांबा. ते निवडा, प्रॉपर्टीजमध्ये अंतर बदला, शेजारच्या तीन टिंबांतून ते त्या स्कोअरचं डिफॉल्ट करा. सगळी एकदम सरकतात. आधीच ओढून ठेवलं असेल तर निवडून कंट्रोल-आर, म्हणजे मूळ जागी येतं.

दुसऱ्याचं तयार टेम्प्लेट उतरवून घेणं मला पटत नाही. त्यात त्याच्या स्टँडचा, त्याच्या कागदाचा, त्याच्या चष्म्याचा हिशेब असतो, आणि कुठलं माप का ठेवलंय ते तुम्हाला कळत नाही. "सॉफ्टवेअर आपोआप करतं" म्हणणाऱ्या गुरूंपासूनही जरा लांबच राहा. त्यापेक्षा एखाद्या वादकाला पेन्सिल देऊन तुमच्या छापील पानावर खुणा करायला सांगा. जिथे चष्मा काढून घातला जातो, तिथेच तुमचं पुढचं सेटिंग आहे.

मराठी गाण्याखाली शब्द टाकायचे असतील तर आणखी एक. मजकुराचा डिफॉल्ट फॉन्ट एडविन, त्यात देवनागरी नाही. संगणक मग हाताशी असेल तो फॉन्ट लावतो, तुमच्याकडे एक, स्टुडिओत दुसरा, आणि शब्दांची रुंदी बदलून बार सरकतात. लिरिक्सला तुमच्या पसंतीचा देवनागरी फॉन्ट, उदाहरणार्थ 'मुक्त' (Mukta) नावाचा, स्टाईलमध्येच लावा, आणि फाइलऐवजी पीडीएफ पाठवा. अक्षरं तोडताना जपा. 'विठ्ठल' मी 'वि-ठ्ठल' असं तोडतो. ठ्ठ फोडलात तर 'विठ्' खाली लोंबतं आणि गाणारा तिथे अडखळतो. वेलांटी चुकून वेगळी पडली तर तिच्याजवळ टिंबांचं वर्तुळ उमटतं. ते छापून जाऊ देऊ नका.

तुमची मापं एका साध्या वहीतही लिहून ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले या नोटेशन प्रोग्रामचा विकास थांबवल्याचं जाहीर झालं. १९८८ पासूनचा प्रोग्राम तो. त्यात सेटिंग्ज मुरवलेल्यांना दुसरीकडे जायचं तर म्यूझिकएक्सएमएल, म्हणजे एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नोटेशन नेणारी फाइल, हा नेहमीचा रस्ता. त्यातून नोटा येतात, पण घरची मापं बहुतेक पुन्हा बसवावी लागतात.

पैशाचं बोलणं आधी करून घ्या. पानावर दर ठरवलात आणि मग स्टाफ मोठा केलात तर पानं वाढतात, बिल वाढतं, आणि अरेंजरला वाटतं याने मुद्दाम फुगवलं. मी आता बारवर दर लावतो. पान कितीही झालं तरी बार तेवढेच.