विहिरीतल्या मोटरीचा दोर काठाजवळच तुटत असेल तर

यावल तालुक्यात आमची केळी. सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारी मोटर, निळ्या प्लास्टिकच्या दोरावर टांगलेली. पाण्यातला दोर नव्यासारखा राहायचा, पण काठावर उन्हात असलेला हातभर भाग खरखरीत व्हायचा. नखाने खरवडला की पूड पडायची आणि तिथेच तुटायचा. तोही ऐन मे महिन्यात, बागेला पाणी हवं तेव्हा. फार जीव जळायचा.

जाड दोर घेतला, दुहेरी केला. पूड थांबली नाही. अंबाडीचा लावला, तो पाण्यात कुजला.

निळा दोर पॉलिप्रोपिलीनचा. स्वस्त, हलका, पाणी शोषत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचा धागा ठिसूळ होतो. नायलॉन मजबूत, मात्र वजनाने बराच ताणतो. पॉलिस्टर ऊन चांगलं सोसतो आणि कमी ताणतो, म्हणून तोच घेतला.

दुकानात आधी तुकडा पाण्याच्या बादलीत दाबून सोडा. पॉलिप्रोपिलीन तरंगतो, पॉलिस्टर बुडतो. नायलॉनही बुडतो, तेव्हा पॉलिस्टरच आहे ना हे स्पष्ट विचारून घ्या.

मग मेन स्विच बंद करून मोटर चेन-पुलीने वर घेतली. दोराची कापलेली टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद केली. मोटरीच्या कडीत लोखंडी थिंबल (दोर कडीला घासू नये म्हणून बसवायची खोबणीची कडी) बसवून दोर त्यावरून घेतला, बोलाइन गाठ (न आवळणाऱ्या फासाची गाठ) मारली, गाठीबाहेरचं सुटं टोक वीतभर ठेवून सुतळीने मूळ दोराला गुंडाळलं. वरचं टोक बांधण्याआधी रबरी पाइपाचा तुकडा ओवला आणि दोर दगडाला घासतो तिथे आणला. गाठीनंतर तो ओवता येत नाही.

उन्हाळा गेल्यावर काठावरचा दोर नखाने खरवडून पाहिला. पूड नाही.