गड्डा उतरला की अंगणाला लागा

सोलापुरात वसंत पंचांगात असतो, अंगणात फारसा नसतो. संक्रांतीला पहाटे अंगावर चादर लागते, शिवरात्रीला पंखा फुल आणि होळीला भर दुपारी रस्ते ओस. म्हणून इथं बागेची जी काही तयारी करायची ती मे महिन्यातले 44 अंश डोळ्यांसमोर ठेवूनच. सिद्धेश्वराची यात्रा संपून गड्डा, म्हणजे यात्रेनिमित्त भरणारी जत्रा, उतरायला लागला की होळीपर्यंतचा काळ आपला. त्यातही माझा नियम सरळ आहे: शिवरात्रीच्या आत जे रुजलं तेच उन्हाळा काढतं. नंतर नर्सरीवाला कितीही फुललेली कुंडी दाखवू दे, जूनपर्यंत हात आवरायचा.

आमचं घर विजापूर रोडला. पुढं-मागं मिळून अंगण बेताचंच. माती काळी, बोअरचं पाणी जड, नळ चार-पाच दिवसांआड. बहुतेकांचं असंच असतं, म्हणून खालचं सगळं त्याच हिशेबानं लिहिलंय.

आधी पसारा काढा. फुटक्या कुंड्या, विटांचा ढीग, बांधकामातल्या उरलेल्या फळ्या, सगळं. ऊन वाढलं की विंचू अशाच गारव्याला येऊन बसतात. वीट उचलताना खाली बोटं घालायची नाहीत, खुरप्यानं उलथायची आणि मगच हात लावायचा. दिवाळीचा झेंडू वाळून गेला असेल तर चांगल्या फुलांचं बी काढून झाड उपटा. शेवंतीचा बहर संपला असेल तर ती चार बोटं ठेवून छाटा आणि कुंडी सावलीत सरकवा. बुडाशी काश्या, म्हणजे नवे कोंब, फुटतात, पुढच्या वर्षाची शेवंती त्यातूनच येते. फेकून देऊ नका.

पालापाचोळा पेटवायचा नाही. रस्त्यावरचा कडुलिंब याच दिवसांत पानं टाकतो आणि सकाळी झाडून लोक काडी लावतात, ते बघून मला फार राग येतो. तीच पानं पोत्यात भरून ठेवा, पुढं लागणार आहेत.

मग माती. काळी माती ओली असताना खणली तर ढेकळं होतात आणि ती उन्हात दगडासारखी होतात. पार कोरडी झाली तर कुदळ उडते. दोन्हीच्या मधला वाफसा साधायचा. पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांनी वीतभर खालची माती मुठीत घट्ट दाबा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा तसाच राहिला तर थांबा. फुटून भुगा झाला तर लगेच खणायला घ्या, दुपारपर्यंत थांबू नका. वाफे फार खोल खणायची गरज नाही, वीतभर पुरे. लिंबू, डाळिंब, कढीपत्ता यांच्या बुडाशी तर खुरपंच, कुदळ नाही. लिंबाच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या वरच्या थरातच पसरलेल्या असतात, त्या तुटल्या की झाड रुसतं.

शेणखत घेताना हात घालून बघा. काळं, भुसभुशीत, वास मातीचा, तर घ्या. शेणाचा वास येत असेल, आत ऊब लागत असेल तर ते अजून कुजलेलं नाही, अशा खतानं उन्हाळ्यात वाळवी हमखास लागते. पांढऱ्या, अर्धगोल वळून बसलेल्या अळ्या दिसल्या तर ती मुळं खाणारी हुमणी. ते खत पत्र्यावर पातळ पसरून उन्हात ठेवा, कावळे-साळुंक्या वेचून खातात.

कुंडीसाठी नुसती काळी माती भरू नका. भेगा पडतात आणि पाणी कडेनं निघून जातं, मुळांपर्यंत पोचतच नाही. दोन घमेली माती, एक घमेलं शेणखत, एक घमेलं शेंगांची टरफलं आणि दोन मुठी निंबोळी पेंड, एवढं मिश्रण पुरतं. टरफलांची सोलापुरात काय कमी? शेंगाचटणीच्या गावात तीच पोत्यानं मिळतात.

एक गोष्ट मात्र टाळा. चुलीची किंवा होळीची राख झाडांना घालायचा सल्ला सगळीकडे दिसतो, अंड्याची टरफलंही तशीच. कोकणातल्या आंबट मातीला ते ठीक. आपल्या मातीत चुनखडी मुळातच भरपूर, राखेनं मातीचा अल्कपणा, म्हणजे आंबटपणाच्या उलटा गुण, आणखी वाढतो आणि झाडाला लोह मिळेनासं होतं. जास्वंदाची किंवा लिंबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर कारण बहुधा हेच. कृषी सेवा केंद्रातून हिराकस (फेरस सल्फेट) आणा, एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळा आणि ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा. एकदम पाच चमचे टाकलेत तर पानं करपतात, तेव्हा मोजूनच.

मोगऱ्याची छाटणी

इथं जरा सावकाश. मोगरा वर्षभर कसाही वागवला तरी चालेल, पण हा महिना चुकला तर मार्चपासूनची फुलं गेली. संक्रांतीनंतर त्याचं पाणी तोडा. बोअर चालू असताना त्याच्या आळ्यात पाइप जाऊ नये म्हणून मी आळ्यावर फरशीचा तुकडाच ठेवते. आठ-दहा दिवसांत पानांची चमक जाते, काही पिवळी पडून गळतात. घाबरायचं नाही, तेच हवं असतं. मग उरलेली पानं हातानं ओरबाडून काढा आणि फांद्या नीट बघा. नखानं साल जराशी खरवडा. खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी भुसा निघाला तर बुडापासून कापा. एकमेकींत घुसलेल्या, काडीएवढ्या बारीक फांद्याही काढा. राहिलेल्या फांद्या दीड फुटावर, पेराच्या थोडं वर, तिरक्या कापा. कात्री धारदार हवी, फांदी चेंगरली की तिथूनच सडते.

छाटल्यावर झाड अगदी बोडकं दिसतं आणि घरातलं कुणीतरी "मारलंस की गं त्याला" म्हणतंच. म्हणू द्या. बुडाची माती दोन बोटं उकरा, एक घमेलं शेणखत आणि मूठभर शेंगदाणा पेंड मिसळून झाका. पहिलं पाणी हलकं, तीन-चार दिवसांनी दुसरं पोटभर. नवीन फुटीला कोंब येतात, त्यांच्याच टोकाला कळ्या धरतात, म्हणून त्यानंतर कात्री लावायची नाही. ऊन तापलं की पानांच्या खालच्या बाजूला लाल कोळी येतो, बारीक जाळं आणि पानावर फिकट ठिपके दिसतात. औषधाच्या आधी पाण्याचा जोरदार फवारा खालून मारून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

कढीपत्त्याचे शेंडे याच वेळी खुडा, भरपूर फुटतो. तुळशीच्या मंजिऱ्या काढा. गुलाबाची मोठी छाटणी पावसाळ्यानंतरची, आता फक्त सुकलेली फुलं आणि वाळक्या काड्या.

लिंबाच्या आणि डाळिंबाच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावा. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही वेगळं विरघळवून प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको. झालं की विळ्याचं पातं क्षणभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत ब्रशनं लावा, त्याच दिवशी संपवा, हातमोजे घाला, पोराबाळांपासून लांब. खोडातून डिंक येण्याला आळा बसतो आणि पांढरट थरामुळं सालीला ऊनही कमी लागतं.

लिंबाचं आळं दुहेरी करा. खोडाभोवती मातीचा चढ, त्याबाहेर पाण्याचं कडं, म्हणजे पाणी खोडाला टेकत नाही. दुपारी फांद्यांची सावली जिथं संपते, तिथं पाणी द्यायचं. खोडाशी ओतून काही उपयोग नाही.

भाजी काय लावायची

भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारलं. वेलवर्गीय बी रात्रीचा गारठा सरल्यावर घाला, गार मातीत ते कुजून जातं. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारी संपेपर्यंत चालतं. कारल्या-दोडक्याचं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी ओल्या फडक्यात बांधून धान्याच्या डब्यामागं ठेवा, मोड दिसला की पुरा. भेंडी वीतभर अंतरावर. गवार आमच्या जड पाण्याला सगळ्यात कमी कुरकुरते, नवख्यानं तीच लावावी. अंबाडीचा एक वाफा हवाच. शेजारच्या अक्का पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू वस्तीतल्या, त्यांच्या अंबाडीच्या पचडीपुढं (चटणीपुढं) आमची भाजी फिकी, आणि पानं मात्र आमच्याच वाफ्यातून जातात. मेथी-पालक आता घातलात तर सावलीत घाला, उन्हात लगेच फुलावर येतात.

वेलांना तुराट्यांचा मांडव. बांधायला टॉवेलच्या काठाच्या चिंध्या, सुतळीनं कोवळी देठं कापतात.

पाण्याचं गणित

संक्रांतीची सुगडं घरात पडून असतील. रंग दिलेली बाजूला ठेवा, ती पाझरत नाहीत. साधी असतील ती मोठ्या कुंडीच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा, वर पणती झाका. माती कोरडी होईल तसं पाणी हळूहळू झिरपतं. वेलांसाठी मोठं मडकं लागतं. कुंभार वेशीत घ्या आणि तिथंच पाणी ओतून बाहेरून ओल धरते का ते बघा. एका मडक्याभोवती चार वेल बसतात.

नळाचं पाणी रोपांना आणि बियांना, बोअरचं मोठ्या झाडांना. कुंडीच्या कडेला पांढरी खर दिसली तर एकदा नळाच्या पाण्यानं कुंडी भरभरून धुवा, खालून पाणी वाहून जाऊ द्या. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. फरशी धुवायला वापरा. बशांमधलं साचलेलं पाणी ओता, डेंगीचे डास तिथंच होतात.

एक कोळपणी (वरची माती हलवणं) अर्धं पाणी, असं शेतकरी म्हणतात. भेग दिसली की खुरप्यानं बुजवा आणि वर पोत्यातला तो पाला अंथरा, नाहीतर टरफलं, नाहीतर उसाचं पाचट. दोन-तीन इंचांचा थर, खोडापासून चार बोटं लांब, खाली निंबोळी पेंड भुरभुरून, म्हणजे वाळवी लागत नाही. पाणी सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीला. रोज घोटभर देण्यापेक्षा आड दिवशी पोटभर. कुंड्यांना मात्र एप्रिलपासून रोजच लागतं.

होळीच्या सुमाराला हिरवी शेडनेट बांधा, 50 टक्क्यांची. आधी पश्चिमेची बाजू, चारनंतरचं तिरपं ऊनच जास्त भाजतं. नेट झाडांना टेकू देऊ नका, वर हातभर मोकळी जागा हवी, नाहीतर आत हवा कोंडते. पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कुंड्या पूर्वेला हलवा आणि गच्चीवरच्या कुंड्यांखाली विटा घाला. नेटच्या तीन बाजू पक्क्या बांधा, चौथीला सुरगाठी मारा. वळवाचं वारं सुटलं की दोरी ओढून ती बाजू मोकळी करता आली पाहिजे, नाहीतर नेट मांडवासकट शेजाऱ्याच्या गच्चीवर जाते.