गोष्ट लिहून घेताना होणाऱ्या चुका: तात्पर्याची घाई टाळा

मराठीच्या पेपरातील कथालेखनाचा साचा आपल्या बहुतेक मुलांना पाठ असतो: शीर्षक, दिलेले मुद्दे, भूतकाळ आणि शेवटी तात्पर्य. परीक्षेपुरता तो ठीक आहे. मात्र मुलांना संवाद आणि जीवनकौशल्ये शिकवण्यासाठी म्हणून सुट्टीच्या शिबिरात किंवा सोसायटीच्या सभागृहात आपण गोष्टी लिहून घेतो, तेव्हाही नकळत तोच साचा पुढे करतो. नाशिकमध्ये शनिवारचा असा वर्ग घेताना मी स्वतः ही चूक बराच काळ केली. ‘प्रामाणिकपणावर गोष्ट लिहा’ असे सांगितले की जवळजवळ प्रत्येक वहीत रस्त्यावर पाकीट सापडायचे, ते परत केले जायचे आणि बक्षीसही मिळायचे. पाकीट उचलल्यावर त्या मुलाच्या मनात क्षणभर काय आले, हे कुणीच लिहीत नसे, कारण शेवट मीच आधी ठरवून दिलेला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जी दहा मूलभूत जीवनकौशल्ये सांगितली, त्यांत निर्णय घेणे, समस्या सोडवणे, समानुभूती, परिणामकारक संवाद आणि भावना हाताळणे ही आहेत. पाकिटाच्या गोष्टीत यांपैकी एकाचाही सराव होत नाही. म्हणून मूल्य सांगू नये, पेच द्यावा. एकाला काहीतरी हवे आहे, दुसरा आडवा आला आहे आणि वेळ थोडा आहे, एवढे सामान पुरते.

पेच परका नसावा

पेच मुलांच्या ओळखीच्या जागेतला असला की अर्धे काम होते. पावसाळ्यात मी हा प्रसंग देतो: गंगापूर धरणातून पाणी सोडले आहे, गंगेचे पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले आहे, भांडीबाजारातील दुकानदार माल वर चढवत आहेत आणि आजोबा मात्र दुकानातून हलायला तयार नाहीत. नातवाने त्यांना बाहेर काढायचे आहे. (गोदावरीला ‘गंगा’ म्हणणे आणि पुराचा अंदाज मारुतीवरून घेणे नाशिकच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही.)

पहिल्या खर्ड्यात बहुतेक मुले असे लिहितात: ‘आजोबा, चला.’ ‘नाही येणार.’ ‘चला ना, पाणी वाढतंय.’ ‘बरं, चल.’ इथे शिक्षक सहसा संवाद वाढवायला सांगतात, आणि ही दुसरी मोठी चूक आहे. त्याने ओळी वाढतात, पण आजोबांचे मन का वळले हे तसेच राहते. कधी कधी तर नातू पूर-सुरक्षेवर पंधरा ओळींचे भाषण देतो आणि आजोबा ते ऐकून निमूटपणे उठतात. कुठल्याही घरातील आजोबा असे उठत नाहीत.

अशा वेळी एकच प्रश्न विचारावा: ‘आजोबा कशासाठी थांबले आहेत, आणि ते ती गोष्ट तोंडाने का सांगत नाहीत?’ एका मुलीने यावर बराच वेळ विचार करून लिहिले की आजोबांना उधारीची वही सापडत नव्हती आणि तसे कबूल करण्याची त्यांना लाज वाटत होती. तिच्या दुसऱ्या खर्ड्यातील नातू ‘चला’ म्हणतच नाही. तो माळ्यावरचे डबे खाली काढू लागतो आणि विचारतो, ‘लाल कापडात बांधलेली होती ना?’ समोरच्याच्या नकारामागचे कारण आधी शोधावे आणि मग बोलावे, हा संवादाचा धडा तिला कुणी शिकवला नव्हता. गोष्ट पुढे सरकेना म्हणून तो तिने शोधून काढला.

पात्राला सगळे माहीत असणे

मुलांच्या गोष्टींत आणखी एक दोष वारंवार दिसतो: लेखकाला जे ठाऊक, ते सगळ्या पात्रांनाही ठाऊक असते. मानसशास्त्रज्ञ हाइंझ विमर आणि योसेफ पर्नर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना एक साधी गोष्ट सांगितली होती. मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो ते कुठे शोधेल? तीन वर्षांची मुले बहुधा चुकून दुसरे कपाट दाखवतात आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत ही समज येते. तरीही दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या लेखनात ती निसटते, कारण लिहिताना तीन-चार जणांची माहिती एकाच वेळी वेगवेगळी सांभाळावी लागते. उपाय सोपा आहे. तोच प्रसंग दुसऱ्या पात्राच्या नजरेतून पुन्हा लिहायला सांगावा आणि त्या पात्राला न दिसलेली प्रत्येक गोष्ट खोडून टाकायला लावावी. मैत्रिणीशी झालेल्या गैरसमजाकडे पाहण्यासही याच सवयीचा उपयोग होतो.

लाल पेन आणि बोली

पहिल्या खर्ड्यावर ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा करू नयेत. शुद्धलेखनासाठी शेवटचा खर्डा आहेच. त्याहून जास्त नुकसान बोली सुधारल्याने होते. बागलाण-मालेगावकडून नाशिकला आलेल्या मुलाच्या गोष्टीतील आजी ‘आठे ये’ म्हणत असेल, तर तिथे ‘इकडे ये’ करू नये. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद ज्याच्या-त्याच्या बोलीत, एवढा नियम पुरेसा आहे. सगळी पात्रे एकाच भाषेत बोलू लागली की दुसऱ्याचे बोलणे कान देऊन ऐकण्याचा सरावच उरत नाही.

सहा-सात वर्षांच्या मुलांना लिहायला बसवूच नये. त्यांनी सांगावे आणि मोठ्यांनी शब्द न बदलता उतरवून घ्यावे.

गोष्टीची उलटतपासणी

‘हा रडणारा मुलगा म्हणजे तूच ना?’ असा प्रश्न वर्गासमोर विचारला की ते मूल पुढच्या आठवड्यात सशाची गोष्ट लिहून देते. मारामारी, खोटारडे काका, घर सोडून पळालेली मुलगी हे सारे गोष्टीत येऊ द्यावे, कारण काल्पनिकतेच्या आडून बोलण्याची मुभा हेच या लेखनाचे बळ आहे. पालकांनीही वही चोरून वाचू नये. पण तोच छळ, तीच भीती अनेक गोष्टींतून तपशिलाने येत राहिली, तर मुलाशी एकांतात आणि शांतपणे बोलावे. गरज वाटल्यास मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. स्पर्धा आणि प्रमाणपत्रांपासून, निदान पहिले वर्षभर, हा वर्ग लांब ठेवलेला बरा.

वाचन झाल्यावर ‘छान’ म्हणून टाळ्या वाजवणे हीदेखील चूकच आहे. ऐकणाऱ्याने आधी गोष्ट दोन वाक्यांत परत सांगावी आणि मग जिथे कळले नाही ती जागा विचारावी. लिहिणाऱ्याने त्या वेळी स्पष्टीकरण देऊ नये, फक्त टिपून घ्यावे. मुलांना, आणि खरे तर मोठ्यांनाही, हे सर्वांत अवघड जाते.

दोन नेहमीच्या अडचणी

‘सुचतच नाही’ म्हणणाऱ्या मुलाला आणखी विषय सुचवू नयेत. एखादी वस्तू हातात द्यावी, उदाहरणार्थ सीबीएसवरून (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून) सुटणाऱ्या बसचे जुने तिकीट, आणि ते कुणाच्या खिशात सापडले एवढेच विचारावे. याउलट ज्याची गोष्ट संपतच नाही आणि पानागणिक नवा राक्षस येतो, त्याला पहिल्या पानावर परत न्यावे आणि नायकाला सुरुवातीला काय हवे होते, त्या ओळीखाली रेघ मारायला सांगावी. ती ओळ सापडली नाही, तर आधी ती लिहून घ्यावी. राक्षस थांबतील.