हिरोला सोडा, त्याच्या मागच्या माणसाकडे बघा

नातू मोबाइलवर कमांडोंची सिरीज लावतो आणि दर पाच मिनिटांनी विचारतो, "आबा, असं खरंच असतंय का?" मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो. कमांडो नव्हतो, साधा पायदळातला. पण माणसं गोळीबारात कशी हलतात एवढं कळतं. त्याला सांगतो तेच तुम्हाला सांगतो.

मारामारीचा सीन लागला की हिरोकडे बघूच नका. त्याला मरायचं नसतंच. त्याच्या मागचा माणूस काय करतोय ते बघा. एक जण धावत असेल तर दुसरा थांबलेला हवा आणि त्याची रायफल शत्रूच्या दिशेने हवी. मग पहिला आडोशाला पोहोचून मारा सुरू करणार आणि दुसरा उठणार. बेळगावला ट्रेनिंगमध्ये हे इतकं घोटून घेतलं, की गुडघे आजही आठवण काढतात. सगळेच एकदम 'चलो' म्हणून पळाले, तर ती वरात झाली.

नीट केलेलं बघायचं असेल तर 'बँड ऑफ ब्रदर्स' या दुसऱ्या महायुद्धावरच्या अमेरिकी सिरीजचा दुसरा भाग लावा. ६ जून १९४४, फ्रान्सच्या नॉर्मंडीतलं ब्रेकूर. अमेरिकी लेफ्टनंट विंटर्स डझनभर माणसं घेऊन जर्मनांच्या चार १०५ मिमी तोफा बंद पाडतो. मशीनगनवाले एका जागी बसून मारा धरतात आणि बाकीचे त्या माऱ्याच्या आडून खंदकात शिरून एकेक तोफ घेतात. दोनदा बघा, दुसऱ्यांदा फक्त मशीनगनवाल्यांकडे लक्ष ठेवून. अमेरिकी मरीनमधून निवृत्त झालेल्या कॅप्टन डेल डाय यांनी शूटिंगआधी नटांना १० दिवस रगडलं होतं, ते चालीत दिसतं.

आता गोळ्या मोजा. एके-४७ च्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या. बोट दाबून धरलं तर मिनिटाला ६०० च्या वेगाने तीन सेकंदांत खेळ खलास. नातवाला मोठ्याने आकडे म्हणायला लावले, तर हिरो मॅगझिन न बदलता पार चाळीस सेकंदांपर्यंत गेला. मॅगझिन बदललंच, तर तेवढ्या वेळात मारा कोण करतंय? पुन्हा मागचा माणूस.

दाराचा सीन सगळ्यात मोठी परीक्षा. हिरो लाथ मारतो आणि चौकटीत उभा राहतो. मागून उजेड, पुढे अंधार, म्हणजे आतल्याला आयतं टार्गेट. घरी करून बघा. नातवाला आतल्या खोलीत कुठेही उभं केलं आणि मी बाहेर, चौकटीपासून दोन पावलं मागे. तिथून बाजूला सरकत गेलो, की भाकरीचा एकेक चतकोर तोडावा तशी खोली थोडी थोडी दिसत जाते. तिसऱ्या चतकोरात त्याचा पायाचा अंगठा दिसला. त्याला मी अजून दिसलोच नव्हतो. मग लाथ मारून आत गेलो, तर त्याने पिचकारीने मला भिजवून काढलं. सूनबाईने दोघांनाही फरशी पुसायला लावली.

म्हणून असं काम सावकाश चालतं. २६/११ ला मुंबईत ताजमध्ये एनएसजीच्या कमांडोंना खोलीमागून खोली तपासत जावं लागलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सुरू झालेलं ते प्रकरण २९ च्या सकाळी संपलं. सिरीजमध्ये तेवढं हॉटेल जाहिरातींच्या आत मोकळं होतं.

बारीकसारीक गोष्टी आता भराभर. सोफा आणि गाडीचं दार नजर अडवतं, रायफलची गोळी नाही. आडोसा म्हणजे भिंत, मातीचा बांध, फार तर गाडीचं इंजिन. हातबॉम्बची पिन दातांनी उपटणाऱ्याला दातांच्या डॉक्टरकडे पाठवा. शिवाय पिन काढली तरी लिव्हर हातात दाबलेला आहे तोवर तो पेटत नाही. फुटल्यावर धूळ, धूर आणि लोखंडाचे तुकडे उडतात. पेट्रोल पंपासारखा जाळ सिनेमावाल्यांचा. आणि वायरलेसवर 'ओव्हर' म्हणजे आता तू बोल, 'आउट' म्हणजे माझं संपलं. 'ओव्हर अँड आउट' म्हणणाऱ्याने काय ते एक ठरवावं.

काही गोष्टी मी माफ केल्यात. माणसं चिकटून चालतात, कारण सगळे चेहरे कॅमेऱ्यात बसवायचे असतात. ॲम्बुश लावून, म्हणजे दबा धरून, रात्रभर डासांत पालथं पडायचं, खोकला आला तर टोपी तोंडात कोंबायची आणि पहाटे कुणीच आलं नाही म्हणून परत यायचं, हे कोण बघणार?

पण मागच्या माणसाचं बोट ट्रिगरवर आणि रायफलची नळी पुढच्याच्या पाठीवर, हे माफ नाही. आमच्या उस्तादांनी असं एकदा पाहिलं आणि अख्ख्या ग्राउंडला फ्रंट रोल घ्यायला लावले. असा सीन आला की मी उठून पाणी प्यायला जातो. नातू आता विचारत नाही. "आबा, बसा, नळी खाली केली" म्हणून हाक मारतो.