न्यूट्रिनो दोलनांवर लेगेट-गर्ग असमिका कशी तपासावी

कणाची अवस्था कुणी पाहो वा न पाहो, ती प्रत्येक क्षणी ठरलेलीच असते, असं अभिजात वास्तववाद मानतो. भौतिकशास्त्रज्ञ लेगेट आणि गर्ग यांनी १९८५ मध्ये या म्हणण्याला आकड्यांच्या कसोटीवर आणलं: तीच त्यांची असमिका. न्यूट्रिनो हा सूक्ष्म कण प्रवासात एका जातीतून दुसऱ्या जातीत आलटून-पालटून बदलतो; यालाच दोलन म्हणतात, आणि कसोटी त्यावर लावता येते. म्यूऑन न्यूट्रिनो असेल तर +१, दुसऱ्या जातीचा असेल तर −१ धरा. दोन वेळांच्या मूल्यांच्या गुणाकाराची सरासरी म्हणजे सहसंबंध ‘स’. मग १, २, ३ या तीन वेळांसाठी क = स(१,२) + स(२,३) − स(१,३). वास्तववाद खरा असेल तर क १ च्या वर जात नाही; क्वांटम सिद्धांत १.५ पर्यंत जाऊ देतो.

अडचण अशी, की न्यूट्रिनो एकदा पकडला की संपला. म्हणून वेळेऐवजी ऊर्जा बदलायची. दोलनाची कला, म्हणजे दोलन किती पुढे गेलं त्याचं माप, अंतर भागिले ऊर्जा या प्रमाणात वाढते. त्यामुळे एकाच अंतरावर कमी ऊर्जेचा न्यूट्रिनो ‘जास्त वेळ’ दोलन झालेला असतो. इथे सहसंबंध फक्त दोन वेळांमधल्या कलेच्या फरकावर अवलंबून असतो असं गृहीत धरलेलं आहे. निकालासोबत हे गृहीतक लिहायलाच हवं.

मिनोस या न्यूट्रिनो प्रयोगात अमेरिकेतली फर्मीलॅब प्रयोगशाळा ते मिनेसोटातली सूदान खाण हे अंतर ७३५ किमी. न्यूट्रिनो टिपणारं एक यंत्र (डिटेक्टर) उगमाजवळ आणि दुसरं खाणीत होतं. जवळच्या डिटेक्टरवरून, दोलन नसतं तर दूरच्या डिटेक्टरमध्ये किती नोंदी आल्या असत्या, ते काढा. पार्श्वभूमी (इतर कारणांनी आलेल्या नोंदी) वजा केलेल्या प्रत्यक्ष नोंदींना त्या संख्येने भागलं की म्यूऑन न्यूट्रिनो तसाच टिकून राहण्याची संभाव्यता मिळते. तिची दुप्पट वजा १ म्हणजे स. नोंदींची संख्या कमी असेल तर मोजलेली संभाव्यता १ च्या वर जाऊ शकते. ती १ वर छाटू नका, सरासरी कलते.

आता ऊर्जांची त्रिकुटं निवडा, स(१,२), स(२,३) आणि स(१,३) यांसाठी एकेक: पहिल्या दोन ऊर्जांच्या व्यस्तांची (१ भागिले ऊर्जा) बेरीज तिसरीच्या व्यस्ताइतकी हवी. या अटीत न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांच्या वर्गांतला फरक, जो दोलनाची गती ठरवतो, तो लागतच नाही, हे फार मोलाचं आहे. उल्लंघन, म्हणजे क १ च्या वर जाणं, सर्वांत ठळक दिसतं ते साधारण ४.४, ४.४ आणि २.२ जीईव्हीला (जीईव्ही हे ऊर्जेचं एकक): तिथे स अनुक्रमे ०.५, ०.५ आणि −०.५ च्या आसपास.

सर्वांत घातक चूक म्हणजे दोलनाचं सूत्र डेटावर बसवून त्या वक्रावरून क काढणं. तो वक्र मुळात क्वांटम आहे, उल्लंघन दाखवणारच. मोजलेले बिंदूच वापरा.

एकच बिंदू अनेक त्रिकुटांत येतो, म्हणून त्यांच्या त्रुटी स्वतंत्र नसतात. मोजमापातल्या चढउतारांमुळे अभिजात जगातही काही त्रिकुटं १ ओलांडतात. त्यासाठी अभिजात नियमाने, म्हणजे स(१,३) = स(१,२) × स(२,३) धरून, हजारो कृत्रिम डेटासंच तयार करा आणि त्यांतल्या उल्लंघनांच्या संख्येशी खऱ्या डेटाची तुलना करा. मिनोसच्या डेटाच्या २०१६ च्या विश्लेषणात हा फरक ६ सिग्माहून (सिग्मा म्हणजे योगायोगाने होणाऱ्या चढउताराचं माप) जास्त निघाला.